ॲलन पेज (अमेरिकन फुटबॉल)

ॲलन सेड्रिक पेज (जन्म 7 ऑगस्ट 1945, कँटन, ओहायो) हे अमेरिकन फुटबॉलमधले डिफेन्सिव्ह टॅकल आणि पुढे मिनेसोटा राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. 1967 ते 1981 अशी 15 वर्षं ते एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) खेळले, बहुतेक काळ मिनेसोटा व्हायकिंग्जकडून आणि शेवटी शिकागो बेअर्सकडून. आधी खेळाडू, मग न्यायाधीश असे त्यांच्या आयुष्याचे दोन कप्पे केले जातात, पण लॉची डिग्री त्यांनी खेळता खेळताच घेतली आणि त्याच काळात खेळाडूंच्या हक्कांसाठी कोर्टातही गेले, त्यामुळे एक बाजू सोडून दुसरी सांगायला गेलं तर अर्धाच माणूस कळतो.

आपल्याकडे हा खेळ फार कोणी बघत नाही म्हणून थोडं सांगतो. 11 विरुद्ध 11, ज्यांच्याकडे बॉल ते ऑफेन्स आणि त्यांना रोखणारे डिफेन्स. डिफेन्सिव्ह टॅकल लाइनच्या मधोमध हात जमिनीला टेकवून वाकलेला असतो, नाकासमोर विरुद्ध टीमचा शंभर किलोच्या वरचा लाइनमन, आणि बॉल सुटला रे सुटला की त्याला चुकवून क्वार्टरबॅकपर्यंत (ऑफेन्सचा बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) पोचायचं, त्याने बॉल फेकायच्या आत त्याला पाडलं तर तो सॅक. पेज ताकदीपेक्षा वेगावर खेळायचे, समोरचा कंबर सरळ करेपर्यंत हे त्याच्या बगलेतून निघून गेलेले असायचे. या खेळात बोटं किती वेळा निखळतात ते त्यांची करंगळी बघितली की समजतं, ती इतर बोटांपासून जवळजवळ काटकोनात बाहेर वाकलेली आहे.

कॉलेजला ते नोत्र दाम युनिव्हर्सिटीत होते, 1966 मध्ये त्यांची टीम नॅशनल चॅम्पियन झाली, आणि 1967 च्या ड्राफ्टमध्ये (यात टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) व्हायकिंग्जनी त्यांना पहिल्याच राउंडमध्ये घेतलं. तिथे कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज अशी चौघांची लाइन जमली, टीमच्या जांभळ्या जर्सीवरून लोक त्यांना 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणायचे. 1971 मध्ये पेज एमव्हीपी, म्हणजे सीझनचे सर्वात मौल्यवान खेळाडू, ठरले. असोसिएटेड प्रेसचा हा अवॉर्ड तोपर्यंत एकाही डिफेन्सच्या खेळाडूला मिळाला नव्हता आणि त्यांच्यानंतरही फक्त लॉरेन्स टेलरना 1986 मध्ये मिळाला, यावरून ती गोष्ट किती मोठी होती ते लक्षात यावं. सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, मात्र कधीच हाती लागला नाही, व्हायकिंग्ज चार वेळा फायनलला गेले (कॅन्सस सिटी, मायामी, पिट्सबर्ग आणि ओकलंडविरुद्ध) आणि चारही वेळा हरले.

आकड्यांच्या बाबतीत त्यांच्यावर थोडा अन्यायच झालाय असं माझं मत आहे. एनएफएलने सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली 1982 मध्ये आणि पेज रिटायर झाले 1981 ला, म्हणजे त्यांचा एकही सॅक अधिकृत रेकॉर्डमध्ये नाही! संशोधकांनी जुने रेकॉर्ड तपासून काढलेला अनधिकृत आकडा 148.5 आहे. सलग 218 मॅचेस ते खेळले, एकही चुकवली नाही.

मैदानाबाहेर ते खेळाडूंच्या युनियनमध्ये ॲक्टिव्ह होते. त्या वेळी करार संपलेला खेळाडू दुसऱ्या टीमने घेतला तर जुन्या टीमला भरपाई द्यावी लागायची, दोन्ही टीम्सचं जमलं नाही तर ती किती हे लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, ठरवायचे, साहजिकच कोणी घ्यायलाच धजत नसे. या नियमाविरुद्ध जॉन मॅकी आणि इतर खेळाडूंनी केस केली त्यात पेजही होते, आणि 1976 मध्ये अपील कोर्टातही निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला. याच सुमारास त्यांचं युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटात लॉचं शिक्षण चालू होतं, शिवाय लांब पल्ल्याच्या रनिंगची आवड लागली होती, त्याने वजन उतरलं आणि कोच बड ग्रँट यांना ते टॅकलच्या जागेसाठी हलके वाटायला लागले. 1978 मध्ये, ज्या वर्षी लॉची डिग्री मिळाली त्याच वर्षी, व्हायकिंग्जनी त्यांना सीझनच्या मध्यात सोडून दिलं आणि बेअर्सनी फक्त 100 डॉलरच्या वेव्हर फीमध्ये (सोडून दिलेला खेळाडू घेताना भरायची रक्कम) उचललं. त्याच उतरलेल्या वजनावर ते आणखी साडेतीन सीझन खेळले, आणि 1979 मध्ये पूर्ण मॅरेथॉन धावणारे पहिले चालू एनएफएल खेळाडू ठरले.

1988 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या सन्मान-दालनात, निवड झाली. हा हॉल त्यांच्याच गावात, कँटनला आहे आणि तो बांधला जात असताना शाळकरी पेज तिथे बांधकामावर कामाला होते. स्टेजवर ओळख करून द्यायला त्यांनी कोचला नाही, मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं, आणि भाषणात सगळा भर शिक्षणावर दिला. टीमच्या मीटिंगमध्ये कोचने लाइनमनना प्लेबुक (टीमच्या डावपेचांची वही) मोठ्याने वाचायला लावलं तेव्हा कॉलेज करून आलेल्या काही जणांना वाचताच येत नव्हतं, हा प्रसंग त्यांनी सांगितला. ही मुलं शाळा-कॉलेजमधून पुढे ढकलली गेली ती फक्त खेळतात म्हणून, आणि हे त्यांना कायम खुपत राहिलं. त्याच वर्षी सुरू केलेलं पेज एज्युकेशन फाउंडेशन मिनेसोटातल्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक मुलांना कॉलेजसाठी मदत देतं, अट एकच, त्यांनी लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा.

मिनेसोटात न्यायाधीश निवडणुकीने येतात, हे आपल्याला जरा नवलाचं वाटतं. 1992 मध्ये पेजना सुप्रीम कोर्टाची निवडणूक लढवायची होती पण गव्हर्नरनी त्या जागेवरच्या न्यायाधीशांची मुदत वाढवली, म्हणजे निवडणूकच रद्द! पेज कोर्टात गेले. केस सुप्रीम कोर्टाच्याच जागेची, त्यामुळे तिथले न्यायाधीश बाजूला झाले आणि निवृत्त न्यायाधीशांच्या पॅनेलने ती ऐकली, पेज जिंकले, मग निवडणूकही जिंकले, आणि 1993 मध्ये त्या कोर्टातले पहिले आफ्रिकन-अमेरिकन न्यायाधीश झाले. वयाची 70 वर्षं पूर्ण झाल्यावर, नियमाप्रमाणे, 2015 मध्ये निवृत्त झाले.

2017 मध्ये मिनियापोलिसच्या अलेक्झांडर रॅमझी मिडल स्कूलचं नाव बदलून जस्टिस पेज मिडल स्कूल झालं. रॅमझी हे तिथल्या मूळनिवासी डाकोटा लोकांना मिनेसोटातून हाकलून द्या म्हणणारे गव्हर्नर, आणि नाव बदलायची मागणी शाळेतल्या मुलांनीच लावून धरली होती. 2018 मध्ये पेजना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.