कोरड्या नदीखालचं पाणी

मंगोलियाच्या दक्षिण टोकाला, चीनच्या सीमेला लागून, खानबोग्द नावाचा तालुका आहे. तिथल्या भाषेत तालुक्याला 'सुम' म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे १५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपला पुणे जिल्हाच. तांब्याची मोठी खाण येण्याआधी एवढ्या मुलखात माणसं राहायची तीन हजारांच्या आसपास.

हे गोबीचं वाळवंट. वर्षाला पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली, उन्हाळ्यात चाळिशीजवळ. तरीही इथे उंट, शेळ्या, मेंढ्या आणि घोडे पिढ्यान्‌पिढ्या पोसले गेले, ते 'सैर'च्या जोरावर. सैर म्हणजे कोरडी नदी. खानबोग्दचा डोंगर जुन्या ग्रॅनाइटचा, त्यामुळे उन्हाळ्यात पावसाची एखादी जोरदार सर आली की पाणी खडकावरून सुसाट खाली येतं, काही तास लोंढा वाहतो आणि सगळं वाळूत गडप होतं. गडप होतं म्हणूनच ते उरतं. वर वाळूचा थर असल्याने ऊन त्याला शोषू शकत नाही आणि ते खालून संथपणे झिरपत राहतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीपात्रात झिरा खणतात, तेच इथे. उथळ विहीर, शेजारी लांबट डोण, आणि एका दमात पन्नास-साठ लिटर पाणी पिणारा दोन मदारींचा उंट.

हिवाळ्यात जनावरं बर्फ खाऊन तहान भागवतात. बर्फ फार पडलं तर चारा गाडला जातो, अजिबात पडलं नाही तर पाणी संपतं. या दुसऱ्या संकटाला 'काळा झुद' म्हणतात. माझ्या मते गोबीचं सगळं गणित या एका शब्दात आहे.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस समाजवादी राजवटीने जनावरं सहकारी संस्थांकडे घेतली. त्या काळात विहिरीही खूप झाल्या. १९९० नंतर जनावरं पुन्हा खासगी झाली, पण विहिरींना वाली उरला नाही. पंप बंद पडले. रोख पैसा हवा म्हणून लोकांनी काश्मिरी लोकरीसाठी शेळ्या वाढवल्या. वसंतात शेळीच्या अंगावरून फणीने विंचरून काढलेली ही मऊ लोकर भरते जेमतेम पाव किलो. शिवाय उंट पाण्याविना कित्येक दिवस काढतो, तसं शेळीला जमत नाही.

त्यात आली ओयू तोलगोइ, अर्थात 'फिरोजा टेकडी', ही तांब्याची खाण. तांब्याने खडक हिरवट-निळे झाले म्हणून हे नाव. २००९ मध्ये सरकार आणि खाण कंपनी यांच्यात करार झाला आणि २०१३ मध्ये तांब्याची निर्यात सुरू झाली. आज ही जगातल्या मोठ्या तांबे-खाणींपैकी एक आहे. खाणीला पाणी मिळतं खूप खोलवरच्या, खारट भूजलातून. पशुपालकांच्या विहिरी उथळ. दोन्हींचा संबंध नाही, असं कंपनीचं म्हणणं. पण खाणीसाठी उंदाइ नावाची सैरच वळवण्यात आली, बोर ओवोचा झरा गेला, कुरणांमधून रस्ते आणि कुंपणं आली. ज्याची सगळी संपत्ती चालती-फिरती आहे, त्याची वाट अडवणं म्हणजे त्याच्या शेतावर बांध घालण्यासारखंच. ही तक्रार मला रास्त वाटते.

२०१२ मध्ये पशुपालकांनी जागतिक बँक गटाच्या तक्रार यंत्रणेकडे दाद मागितली. खाणीला कर्ज देणाऱ्यांत हा गट येणार होता. बोलणी वर्षानुवर्षं चालली आणि २०१७ मध्ये कंपनी, स्थानिक प्रशासन व पशुपालक यांच्यात करार झाला. विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायला आता तिथले पशुपालकही असतात.