स्त्री-दिग्दर्शक व स्त्रीकेंद्री चित्रपट

चित्रपटाच्या दिग्दर्शनाची जबाबदारी सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि स्त्री-व्यक्तिरेखेला कथेच्या केंद्रस्थानी ठेवणारे चित्रपट. अभ्यासात हे विषय जोडीने येत असले, तरी ते एकच नव्हेत. कॅथरिन बिगलो यांचा द हर्ट लॉकर हा चित्रपट इराकमध्ये बाँब निकामी करणाऱ्या सैनिकांचा असून त्यात स्त्रीपात्रे नाममात्र आहेत. उलट १९३०–५० या काळात हॉलिवूडने खास स्त्रीप्रेक्षकांसाठी काढलेले, नायिकेभोवती फिरणारे भावनाट्यपट बहुतांशी पुरुषांनी दिग्दर्शित केले.

प्रारंभाचा वाद : पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून फ्रान्सच्या आलिस गी (१८७३–१९६८, विवाहानंतर गी-ब्लाशे) यांचे नाव आता बहुतेक सर्वत्र मान्य झाले आहे. मतभेद आहे तो त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या सालाविषयी. पॅरिसमध्ये कॅमेऱ्यांच्या कंपनीचे मालक लेओं गोमों यांच्या चिटणीस असताना, २२ मार्च १८९५ रोजी ल्यूमिएर बंधूंनी निमंत्रितांपुढे केलेले चलच्चित्रांचे प्रात्यक्षिक त्यांनी पाहिले. कॅमेरे विकण्यासाठी कारखान्यांचे व रस्त्यांचे तुकडे दाखवण्यापेक्षा छोटी कथा दाखवावी, असे त्यांनी मालकांना सुचवले व कचेरीतील कामाचा खोळंबा न होण्याच्या अटीवर परवानगी मिळवली, असे त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या (१९७६) आत्मकथनात आहे. कोबीच्या गड्ड्यांतून बाळे काढणाऱ्या परीचा ला फे ओ शू हा त्यांचा चित्रपट त्यांच्या सांगण्यानुसार १८९६ चा.

तथापि स्वीडनमधील संग्रहात मिळालेली प्रत गोमों कंपनीच्या सूचीतील क्रमांक ३७९ शी जुळते आणि तो क्रमांक सुमारे १९०० मधील ठरतो. सुमारे मिनिटभराच्या या प्रतीत पुठ्ठ्याच्या कोबीमागून परी बाळे उचलून पुढे ठेवते. दुसरे पात्र नाही. आलिस गी उत्तरायुष्यात जी कथा सांगत, तिच्यात मात्र एक जोडपे येते. असे जोडपे कंपनीच्या १९०२ च्या साज-फाम द प्रमिएर क्लास या अधिक लांबीच्या चित्रपटात आहे, आणि त्यातला नवरा पुरुषवेषातील आलिस गी याच आहेत. त्यामुळे वृद्धापकाळच्या आठवणीत दोन चित्रपट एकत्र झाले असावेत, असे मॉरिस जियानाती व इतर फ्रेंच संशोधक मानतात. संशोधक ॲलिसन मॅकमहन यांचा पक्ष निराळा आहे. गोमोंचा सुरुवातीचा कॅमेरा ६० मिमी. फिल्मचा होता. १८९६ मधील मूळ चित्रण त्यावर झाले असावे आणि पुढे ३५ मिमी. फिल्म रूढ झाल्यावर तोच विषय पुन्हा चित्रित केला गेला असावा, असे त्या म्हणतात. खपाऊ विषय नव्याने चित्रित करण्याची पद्धत तेव्हा सर्रास असल्याने हे अशक्य नाही. मात्र १८९६ ची म्हणता येईल अशी प्रत पुढे आलेली नाही. उपलब्ध प्रतीपुरते १९०० हे साल धरणे अधिक सुरक्षित वाटते. पहिल्या कथाचित्राचा मान तसाही या चित्रपटाकडे जात नाही, कारण माळ्याच्या फजितीचे ल्यूमिएरचे रचलेले दृश्य १८९५ चे आहे. आणि पहिल्या स्त्री-दिग्दर्शकाचा मान दोन्ही सालांनी आलिस गी यांच्याकडेच राहतो. वादाच्या मानाने त्याचे फलित बेताचेच आहे.

त्यांचे निर्विवाद कार्य याहून मोठे आहे. ध्वनिमुद्रिकेच्या जोडीने दाखवायचे शंभरावर ‘फोनोसेन’ त्यांनी केले. १९०६ मध्ये ख्रिस्तचरित्रावरचा २५ दृश्यांचा चित्रपट त्यांनी काढला. झॉर्झ सादूल यांनी तो आपल्या इतिहासग्रंथात त्यांचे साहाय्यक झासे यांच्या नावावर घातला होता. त्याच वर्षीच्या एका प्रहसनात पुरुष शिवणटिपण करतात, मुले सांभाळतात आणि बायका उपाहारगृहात सिगारेट ओढत बसतात. १९१० मध्ये अमेरिकेत त्यांनी ‘सोलॅक्स’ ही कंपनी स्थापली व १९१२ मध्ये न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे स्वतःचा स्टुडिओ उभारला. नटांसाठी तेथे ‘स्वाभाविक राहा’ अशी पाटी लावलेली असे. १९२० नंतर त्यांना दिग्दर्शनाचे काम मिळाले नाही.

अमेरिका : १९१० च्या दशकात युनिव्हर्सल कंपनीत अनेक स्त्रिया दिग्दर्शन करीत. त्यांपैकी लोइस वेबर (१८७९–१९३९) सर्वांत महत्त्वाच्या. सस्पेन्स (१९१३) या त्यांच्या लघुपटात पडद्याचे तीन त्रिकोण करून फोनवरची पत्नी, कचेरीतला पती आणि घरात शिरणारा भामटा एकाच वेळी दाखवले आहेत. गर्भपात, संततिनियमन, अपुरे वेतन असे विषय त्यांनी हाताळले. १९२० नंतर चित्रपटधंद्यात बँकांचा पैसा आला, लहान कंपन्या मोठ्या स्टुडिओंत विलीन झाल्या आणि दिग्दर्शनाची कामे पुरुषांकडे एकवटली. स्त्रियांकडे पटकथा व संकलन राहिले. डोरोथी आर्झनर (१८९७–१९७९) संकलनातूनच वर आल्या. बोलपटांच्या सुरुवातीला एका ठिकाणी लपवलेल्या मायक्रोफोनमुळे नटांना हालचाल करता येत नसे. द वाइल्ड पार्टी (१९२९) या चित्रपटात क्लारा बोला मोकळेपणी वावरता यावे म्हणून आर्झनर यांनी मायक्रोफोन मासेमारीच्या काठीला टांगून नटीच्या डोक्यावरून फिरवला. बूम (लांब काठीला टांगलेल्या) मायक्रोफोनचा शोध यावरून त्यांच्या नावावर सांगतात. पण त्याच सुमारास इतरांनीही असे प्रयोग केल्याचे दावे आहेत. १९४३ मध्ये त्या निवृत्त झाल्यावर हॉलिवूडमध्ये उल्लेखनीय अशा आयडा लुपिनो याच काय त्या पुढे आल्या.

यूरोप व जपान : आन्येस वार्दा यांचा पहिला चित्रपट (१९५५) फ्रेंच नवप्रवाहाची (१९६० च्या सुमाराच्या तरुण दिग्दर्शकांच्या चळवळीची) पूर्वसूचना मानला जातो. पूर्व यूरोपात सरकारी चित्रपटशाळांमुळे वाट थोडी मोकळी झाली. चेकोस्लोव्हाकियाच्या व्येरा खितिलोव्हा व सोव्हिएट संघाच्या लारिसा शेपित्को या अशा शाळांतून आल्या. हंगेरीच्या मार्ता मेसारोश यांना १९७५ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाचे सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले; स्त्री-दिग्दर्शकाला मिळालेले ते पहिलेच. जपानमध्ये अभिनेत्री किनुयो तानाका १९५३ पासून दिग्दर्शन करू लागल्या. त्यांना नायिका म्हणून घेऊन स्त्रीदुःखाचे श्रेष्ठ चित्रपट काढणाऱ्या केंजी मिझोगुची यांनी त्यांच्या दिग्दर्शनाला विरोध केला, तर यासुजिरो ओझू यांनी दुसऱ्या चित्रपटासाठी पटकथा दिली.

बेल्जियमच्या शांताल आकरमान यांनी वयाच्या पंचविशीत केलेला झान दिएलमान (१९७५) २०१ मिनिटांचा आहे. बटाटे सोलणे, भांडी घासणे ही विधवा गृहिणीची कामे स्थिर कॅमेऱ्याने जवळजवळ न कापता दाखवली आहेत. दिनक्रम बिघडल्याची पहिली खूण म्हणजे करपलेले बटाटे. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांच्या दशवार्षिक कौलात २०२२ मध्ये तो पहिला आला.

समीक्षा : पडद्यावरील स्त्री पुरुषी नजरेसाठी मांडली जाते, हा लॉरा मल्वी यांचा सिद्धांत १९७५ मधील. ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या व्यंगचित्रपट्टिकेतून निघालेली कसोटी अधिक लोकप्रिय आहे : चित्रपटात किमान दोन स्त्रिया हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि तेही पुरुषाखेरीज अन्य विषयावर. ही कसोटी गुणवत्तेची नव्हे. सुमार चित्रपटही तिच्यात उतरतात.

भारत : फात्मा बेगम यांचा बुलबुल-ए-परिस्तान (१९२६) हा भारतीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट समजला जातो. तो आज उपलब्ध नाही. दक्षिणेत टी. पी. राजलक्ष्मी (१९३६) व पुढे भानुमती यांनी अभिनयाबरोबर दिग्दर्शन केले. सई परांजपे, अपर्णा सेन, विजया मेहता यांच्यापासून सलग परंपरा दिसते. मराठीत सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकर यांच्यासह दोघी (१९९५) पासून स्वतंत्र वळण निर्माण केले. फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात पायल कपाडिया यांना २०२४ मध्ये ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक मिळाले.

इतरत्र : सेनेगलच्या साफी फाय यांचा पहिला कथापट १९७५ चा. सौदी अरेबियाच्या हैफा अल-मन्सूर यांनी वज्दा (२०१२) रियाधमध्ये चित्रित केला. रस्त्यावर पुरुष सहकाऱ्यांत उघडपणे वावरता येत नसल्याने त्या व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना देत.

पुरस्कार : ऑस्करच्या दिग्दर्शन-विभागात नामांकन मिळालेली पहिली स्त्री इटलीच्या लीना वेर्टम्युलर (१९७७); पुरस्कार मात्र २०१० मध्ये बिगलो यांना प्रथम मिळाला. त्यानंतर क्लोई झाओ (२०२१) व जेन कॅम्पियन (२०२२). कॅम्पियन यांना १९९३ चे कानचे सुवर्णपर्ण हे सर्वोच्च पारितोषिक चेन कायगे यांच्याबरोबर विभागून मिळाले होते. एकट्या स्त्रीला ते प्रथम २०२१ मध्ये झ्युलिया द्युकुर्नो यांच्या रूपाने लाभले.