पार्श्वभूमी : गणपतराव देशमुख आणि सांगोल्याचे राजकारण

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख 1962 ते 2014 या काळात 11 वेळा विधानसभेवर निवडून आले. या विक्रमी आकड्यामुळे त्यांची कारकीर्द सलग आणि निर्वेध होती असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्यांना दोनदा पराभव पत्करावा लागला. त्यांच्या राजकारणाचे स्वरूप समजून घ्यायला हे दोन पराभव विजयांइतकेच उपयोगी पडतात.

1926 साली जन्मलेले देशमुख पेशाने वकील होते. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या, बहुजन शेतकरी आणि मार्क्सवादी विचार यांची सांगड घालू पाहणाऱ्या शेकापकडे ते तरुणपणीच ओढले गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या पक्षाचे बळ मोठे होते, मात्र राज्य स्थापन झाल्यावर त्याचे अनेक नेते एकेक करून काँग्रेसमध्ये परतले. अशा ओहोटीच्या काळात, 1962 मध्ये, देशमुख प्रथम आमदार झाले आणि अखेरपर्यंत त्याच पक्षात राहिले.

1972 मध्ये काँग्रेसने राज्यातील 270 पैकी 222 जागा जिंकल्या. त्या लाटेत सांगोल्यात काकासाहेब साळुंखे-पाटील विजयी झाले. त्यांच्या निधनानंतर 1974 मध्ये झालेली पोटनिवडणूक देशमुखांनी जिंकली आणि पुढे 1990 पर्यंतची प्रत्येक निवडणूकही जिंकली. दुसरा पराभव मात्र कोड्यात टाकणारा आहे. 1995 मध्ये राज्यभर काँग्रेसची पीछेहाट होऊन शिवसेना-भाजप युतीची सत्ता आली, आणि नेमक्या त्याच निवडणुकीत सांगोल्यात काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी देशमुखांना 192 मतांनी हरवले. (हेच शहाजीबापू पुढे शिवसेनेत गेले आणि 2022 मध्ये गुवाहाटीहून केलेल्या फोनवरील संभाषणामुळे राज्यभर ठाऊक झाले.) राज्यातले वारे एकीकडे आणि सांगोल्याचा कौल दुसरीकडे, असे या तालुक्यात घडू शकते. तालुक्यात धनगर समाजाची संख्या लक्षणीय आहे आणि देशमुख त्याच समाजातले होते, ही बाब त्यांच्या विजयांमागे होतीच. तरीही केवळ तेवढ्यावर अर्धशतकाचे यश उलगडत नाही. तसे असते तर हे दोन पराभव झाले नसते.

या यशाचा खरा धागा पाण्याशी जोडलेला आहे. सांगोला ज्यात येतो ते माण नदीचे खोरे पर्जन्यछायेत आहे. या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, तर थोड्याच अंतरावरचा कृष्णाकाठ बागायती. कृष्णेच्या पाण्यातील महाराष्ट्राचा वाटा राज्याराज्यांतील पाणीतंट्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने ठरवून दिला होता, पण तो अडवून वापरण्याची कामे वर्षानुवर्षे रखडली. 1993 पासून सांगली जिल्ह्यातील आटपाडी येथे दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. त्यामागे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख ही मंडळी होती. पाणी केवळ नदीकाठच्या ऊसवाल्यांचे नसून खोऱ्यातील प्रत्येक कुटुंबाचा त्यावर हक्क आहे, ही समन्यायी वाटपाची मागणी या परिषदेने लावून धरली. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन (नदीचे पाणी पंपाने उचलून शेतीला देण्याच्या) योजना पुढे रेटण्यात या दबावाचा वाटा मोठा होता. योजना पूर्ण व्हायला मात्र दशके लागली आणि त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत पाण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहत गेला. विरोधकांच्या टीकेचा रोखही इथेच असे : इतकी वर्षे आमदार असूनही तालुका कोरडा कसा? ही टीका सर्वस्वी गैरलागू नव्हती. मात्र एवढी वर्षे आमदार असलेल्या देशमुखांच्या वाट्याला सत्ता फार थोडी आली, हेही लक्षात घ्यायला हवे.

1977-78 मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. 1978 मध्ये शरद पवार यांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात ते मंत्री झाले. यांपैकी पुलोद सरकार दोन वर्षेही टिकले नाही, तर दुसऱ्या सरकारातून शेकाप 2002 मध्ये बाहेर पडला. सत्तेबाहेरच्या काळात त्यांनी तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी केली आणि नीट चालवून दाखवली. राज्यातील अनेक सहकारी सूतगिरण्या डबघाईला आलेल्या असताना या कामाचे मोल अधिक वाटते. एसटीने फिरणारा आमदार ही त्यांची ओळख बातम्यांत वारंवार येई. त्या साधेपणाचे कौतुक रास्तच होते, पण त्यामागची संस्थात्मक बांधणी त्यात झाकली गेली.

2019 मध्ये वयोमानामुळे त्यांनी निवडणूक लढवली नाही. त्यांचे नातू अनिकेत देशमुख शहाजीबापूंकडून 768 मतांनी पराभूत झाले. 30 जुलै 2021 रोजी गणपतरावांचे निधन झाले. 2024 मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवून मतदारसंघ परत मिळवला. त्या निवडणुकीत संपूर्ण राज्यात शेकापला मिळालेली ती एकमेव जागा होती.