नागपूर परिसरातील क्रिटेशस जीवाश्म मासे

सुमारे ६.६ ते ७ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस, विदर्भातील तळ्यांत राहणाऱ्या माशांचे अवशेष. ते दोन प्रकारच्या खडकांत सापडतात: लाव्हा थिजून बनलेल्या दक्खन ट्रॅपच्या काळ्या पाषाणाखालच्या लॅमेटा थरांत आणि लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या आंतरट्रॅपी थरांत.

वरोऱ्याजवळचे डोंगरगाव हे यातले सर्वात मोलाचे ठिकाण. नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे या परिसरातील जीवाश्मसंग्रहाचे काम मोठे आहे. १९०८ मध्ये ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी डोंगरगावच्या माशांचे वर्णन केले आणि त्यांतल्या एकाला हिस्लॉप यांचे नाव दिले: इओसेरॅनस हिस्लोपी. हा पर्चसदृश मासा, म्हणजे आपल्या हेकरूच्या दूरच्या नात्यातला. पर्चसदृश माशांच्या ज्ञात जीवाश्मांत तो फार जुना असल्याने या गटाच्या आरंभाचा विचार त्याला वगळून करता येत नाही.

डोंगरगावच्याच लॅमेटा थरांतला लेपिसॉस्टियस इंडिकस हा ‘गार’ (gar) नावाच्या माशांपैकी. गार आज फक्त उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्युबात उरले आहेत. विदर्भात ते एकेकाळी पोहत होते, हे मनात ठसायला वेळ लागतो. त्यांचे खवले जाड, चौकटीसारखे आणि चकचकीत लेप असलेले असतात. म्हणून बाकीचा देह कुजून गेला तरी खवला टिकतो.

मासा चांगला टिकायचा तर मेल्यावर त्याला इतर प्राण्यांनी कुरतडायच्या आत बारीक गाळाने झाकावे लागते, आणि तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी असला तर आणखी बरे. संथ तळ्यात हे जमते, वाहत्या नदीत हाडे विखुरतात.

नागपूर शहरातले गिट्टीखदान मात्र वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. नावाप्रमाणेच ही गिट्टीच्या खाणींची जागा. तेथील आंतरट्रॅपी थरांतून १९८४ मध्ये मासे, बेडूक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे सूक्ष्म अवशेष नोंदवले गेले. अशा थरांतली माती बहुधा भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. हाती येतात ते सुटे दात आणि खवले. प्रदर्शनात मांडायला डोंगरगावचा मासा देखणा, पण लाव्हाचे प्रवाह एकामागून एक येत असताना मधल्या काळात तळी पुन्हा भरत होती आणि त्यांत मासे परतत होते, हे गिट्टीखदानसारख्या ठिकाणच्या त्या इवल्या दातांवरून कळते.