पार्श्वभूमी : मुंबई ते लंडन, विमानाने किती तास?

मुंबई-लंडन हवाई अंतर शोधले की सुमारे ७,२०० किलोमीटर असे उत्तर मिळते. आकडा बरोबर आहे, पण तो पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या रेषेचा. ही रेषा सौराष्ट्रावरून बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्र, कॉकेशस आणि युक्रेन अशी जाते. प्रवाशांच्या विमानांना ती अशी सलग क्वचितच मिळाली आहे. म्हणून तासांचा हिशेब नुसत्या अंतरावरून लागत नाही.

८ जून १९४८ च्या रात्री सांताक्रूझहून एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला निघाले. विमान लॉकहीड कॉन्स्टलेशन, प्रवासी ३५, त्यांत खुद्द जेआरडी टाटा. बोटीने दोन-तीन आठवडे खाणारा हा प्रवास आता कैरो आणि जिनिव्हा असे दोनच थांबे घेऊन होणार होता. मात्र कैरोमार्गे अंतर ८,००० किलोमीटरच्या आसपास भरते. पंख्याच्या त्या विमानाचा वेग ताशी सुमारे ५००, म्हणजे नुसत्या उड्डाणाचेच सोळाएक तास, वर थांब्यांवरचा वेळ वेगळा. जवळच्या वाटेतले कॉकेशस आणि युक्रेन तेव्हा सोव्हिएत संघात होते, तिथले आकाश परक्या विमानांना खुले नव्हते आणि एका दमात एवढा पल्ला गाठणे त्या विमानाला शक्यही नव्हते. स्वातंत्र्याला वर्षही झालेले नसताना सुरू झालेली ही सेवा मला आजही मोठी गोष्ट वाटते.

१९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि वेग जवळपास दुप्पट झाला. १९७१ मध्ये जंबो जेट आले. पुढे मधले थांबेही गेले.

त्यानंतर विमानांचा वेग फारसा वाढलेला नाही. आता फरक पडतो तो वारा आणि वाटेतल्या देशांवरून उडण्याची परवानगी यांमुळे. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना तासभर कमी. तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा करू नयेत. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार.

फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपले आकाश बंद केले, इतरांसाठी नाही. त्यामुळे याच दोन विमानतळांमधली वाट आणि वेळ कंपनीगणिक वेगळी होऊ लागली. दिल्लीकरांना याचा फटका जास्त बसला. मुंबईहून निदान अरबी समुद्रावरून पश्चिमेला निघता येते. पण तेही पुरत नाही. १३ जून २०२५ ला इराणचे आकाश अचानक बंद झाले, तेव्हा मुंबईहून पहाटे लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतून मुंबईलाच परतले.