टोपी काढलेला एलईडी

बंद टॉर्चच्या तोंडाशी भिंग धरून आत पाहिलं, तर रिफ्लेक्टरच्या तळाशी एक पिवळा चौकोन दिसतो आणि त्यावर पाण्याच्या थेंबासारखा पारदर्शक घुमट. हा घुमट सिलिकोनचा असतो. टॉर्चवेडी मंडळी तो मुद्दाम काढून टाकतात. या उद्योगाला ‘डीडोमिंग’ म्हणतात. गंमत अशी, की घुमट गेल्यावर एलईडीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश कमी होतो, पण झोत मात्र आधीपेक्षा लांब पोचतो.

मुळात घुमट असतो कशाला? आतली निळा प्रकाश देणारी चिप गॅलियम नायट्राइडची. तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, 2.4 च्या आसपास, हवेचा जवळपास 1. एवढी तफावत असली की आतून तिरका आलेला किरण बाहेर पडतच नाही, आरशावर आपटल्यासारखा मागे फिरतो. सपाट चिप थेट हवेत उघडी असेल, तर लंबापासून साधारण 25 अंशांच्या आत आलेल्या किरणांचीच सुटका होते. सिलिकोनचा अपवर्तनांक 1.4 ते 1.5, म्हणजे मधली पायरी. शिवाय घुमट अर्धगोल असल्यामुळे मध्यातून निघालेला किरण त्याच्या पृष्ठभागाला जवळपास काटकोनात भेटतो आणि सरळ निघून जातो. खोक्यावर ल्युमेनचा, म्हणजे एकूण प्रकाशाचा, मोठा आकडा छापायचा, तर घुमट हवाच.

पण घुमट हे भिंगही आहे, आणि सगळी मेख इथेच आहे. 2 मिलिमीटर बाजूची चिप 1.4 अपवर्तनांकाच्या घुमटातून पाहिली, तर ती 2.8 मिलिमीटरची दिसते. क्षेत्रफळ 4 चौरस मिलिमीटरवरून 7.84 वर गेलं, जवळजवळ दुप्पट. प्रकाश मात्र त्या प्रमाणात वाढलेला नसतो, तो मोठ्या चौकोनावर पातळ पसरल्यासारखा होतो. रिफ्लेक्टर तरी काय करतो? समोर जे दिसेल त्याचंच चित्र दूर फेकतो. चित्र मोठं, तर झोत रुंद आणि फिका. घुमट काढला की रिफ्लेक्टरला खरी, लहान आणि झळझळीत चिप दिसते.

आता हिशोब. झोताच्या मध्यभागाची तीव्रता कँडेलात मोजतात, आणि पल्ला म्हणजे जिथे 0.25 लक्स उजेड उरतो ते अंतर. पौर्णिमेच्या चांदण्याएवढा म्हणा. 1,00,000 कँडेलाच्या टॉर्चचा पल्ला 632 मीटर येतो. कँडेला दुप्पट केले, तरी तो 1,264 होत नाही, 894 होतो, कारण अंतर वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं. शिवाय घुमट काढल्यावर एकूण प्रकाशात घट होत असल्याने प्रत्यक्षात कँडेलाही दुपटीपेक्षा कमीच पदरात पडतात.

रंगही बदलतो. चिपवरचा पिवळा थर फॉस्फरचा. तो निळ्या प्रकाशातला काही भाग पिवळा करतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो. घुमटाविना अडकलेला निळा प्रकाश पुन्हा पुन्हा फॉस्फरमधून जातो, त्यामुळे उजेड पिवळसर होतो. मला तो आवडतो. काहींना तो आजारी वाटतो.

काढायच्या रीती तीन. एलईडी तापवून चिमट्याने घुमट ओढणं ही सर्वांत झटपट आणि सर्वांत बेभरवशाची. मी पहिला एलईडी असाच घालवला: घुमटाबरोबर फॉस्फरचा एक कोपरा सोलून आला आणि पुढे झोतात कायमचा निळा डाग राहिला. दुसरी रीत पेट्रोलची. सिलिकोन त्यात विरघळत नाही. पेट्रोलचे रेणू त्याच्या जाळीत शिरतात, घुमट फुगतो आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आपणहून सुटतो. हे झाकणबंद काचेच्या बाटलीत, मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांब करायचं. तिसरी रीत म्हणजे ब्लेडने घुमट सपाट कापून पातळ थर ठेवणं. फायदा थोडा कमी, पण चिपच्या कडेला केसाहून बारीक तारा असतात, त्या त्या थराखाली शाबूत राहतात. यातली एखादी तार तुटली, की एलईडी फेकायचा.

हल्ली कारखान्यातूनच बिनघुमटाचे, सपाट एलईडी येतात, त्यामुळे पेट्रोलची बाटली काढायची वेळ फारशी येत नाही. मात्र रात्री चालायला असली टॉर्च नेऊ नका. लांबच्या झाडाची पानं दिसतात, पायाजवळचा दगड दिसत नाही.