शोभेची झाडं, हिशेबाची झाडं

मे अखेरीस पहिला जोराचा वळीव होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई-पुण्याच्या बागांमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. एखादा गुलमोहर किंवा सोनमोहोर मुळासकट आडवा, बुंध्याला चिकटलेला जेमतेम परातीएवढा मातीचा गड्डा, आणि करवती घेऊन आलेली उद्यान विभागाची माणसं. फिरायला आलेले लोक हळहळतात आणि वाऱ्याला दोष देतात. एवढ्या मोठ्या झाडाचा गड्डा परातीएवढाच का, हे कुणी फारसं विचारत नाही. ते समजून घ्यायला पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधी आपल्याकडे बाग म्हणजे मुख्यतः उत्पन्नाची जागा होती. आमराई, नारळी-पोफळीची वाडी, विहीर, मोट, पाट, आणि कडेला देवाच्या फुलांसाठी चाफा किंवा बकुळ. आंब्याला राखणदार असे, कारण मोहोर गळाला की कुणाचं तरी नुकसान होई. झाडात जीव अडकलेला एक माणूस असायचा, एवढंच सांगायचंय. जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत.

सार्वजनिक उद्यान ही इंग्रजी अमदानीतली गोष्ट. मुंबईत शिवडीला अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. १८६५ मध्ये तिची जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली. शिवडीचं ख्रिस्ती कबरस्थान ते हेच. तोवर १८६२ मध्ये भायखळ्याची व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग, लोकांसाठी खुली झाली होती. पुण्यात सोल्जर्स गार्डनचं पुढे एम्प्रेस गार्डन झालं. या बागा म्हणजे साम्राज्याची झाडांची पेठच होती. कुठलं झाड कुठे जगतं, काय फुलतं, कशाची सावली पडते, याचे प्रयोग तिथे चालत. हे सगळं वाईट होतं असं मुळीच नाही. राणीच्या बागेतल्या काही झाडांसारखी झाडं मुंबईत इतरत्र शोधूनही सापडत नाहीत.

मात्र त्या प्रयोगांतून शहरभर पसरली ती लवकर वाढणारी आणि दणकून फुलणारी झाडं. गुलमोहर मूळचा मादागास्करच्या कोरड्या पानझडी जंगलातला. रेन ट्री मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, स्पॅथोडिया आफ्रिकेतला. गुलमोहर तर आपल्याला इतका आपला वाटतो की साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिवस साजरा होतो. त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ आणि दूरवर पसरणारी. मोकळ्या माळावर ती पसरतात आणि झाड तरतं. चहूबाजूंनी फरशी असलेल्या चौकोनात त्यांना पसरायला वावच मिळत नाही.

मुंबईच्या मलबार हिलवरची हँगिंग गार्डन याच काळातली, १८८०च्या दशकातली. तिच्याखाली शहराला पाणी पुरवणारी टाकी आहे. टाकीच्या माथ्यावर माती पातळ, म्हणून तिथे कुंपणाची झुडपं कापून हत्ती-जिराफ केले आणि हिरवळ पसरली. तिथे ते शहाणपणाचंच होतं. पुढे मात्र बाग म्हणजे हिरवळ, कापलेली कुंपणं आणि मधे शोभेपुरती झाडं, हा नमुना खाली टाकी नसलेल्या बागांनीही उचलला. हिरवळीला रोज पाणी लागतं, तेही वरवरचं. पानझडी झाडाला उन्हाळ्यात असं रोजचं शिंपण मिळालं की मुळं खाली जाण्याऐवजी वरच घुटमळतात आणि बुंध्याशी कुजही लागते.

१९५० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू चांगलाच होता. पण झाड लावणं हा त्या दिवसापासून समारंभ झाला. खड्डा खणलेला तयार, रोप तयार, पाहुणे येतात, झारीने पाणी घालतात, फोटो निघतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन वर्षं राहून रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरलेली असतात. ती सोडवून किंवा कापून लावायची, हे माळ्याला ठाऊक असतं, पण समारंभात तेवढी सवड कुणाला? तशीच लावलेली मुळं जाड होत होत बुंध्यालाच विळखा घालतात. झाड वीसेक वर्षं ठीक दिसतं आणि मग एका वळवात जातं. १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाची लाट आली तेव्हा निकष होता वेग. सुबाभूळ, गिरिपुष्प, नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ. बागांच्या कडाही त्यांनीच भरल्या.

दरम्यान १९७५ मध्ये महाराष्ट्राने नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा केला. वृक्ष प्राधिकरण, परवानगीशिवाय तोडीला बंदी, दर पाच वर्षांनी गणना.  हा कायदा नसता तर आज शहरांत किती झाडं उरली असती कोण जाणे. तरीही त्याची नजर जमिनीच्या वर आहे. झाड मोजलं जातं, माती मोजली जात नाही. रस्ता रुंदीकरणात वड गेला की त्याच्या बदल्यात रोपं लावायची, आणि पालिकेकडे हक्काची मोकळी जमीन म्हणजे बागच. म्हणून ती रोपं बागेत येतात, आधीच्या झाडांच्या सावलीत, तीन-तीन फुटांवर.

२००० नंतर बागांवर आणखी एक संकट आलं, त्याचं नाव सुशोभीकरण. जॉगिंग ट्रॅक, कारंजी, पेव्हर ब्लॉक, बुंध्याभोवती सिमेंटचा गोल कट्टा. झाडाची अन्न शोषणारी मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. ट्रॅकसाठी खोदताना नेमकी तीच तुटतात, वर रोलर फिरवून माती ठोकली जाते. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या प्रकरणात बुंध्याभोवतीचं १ मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं, आणि तो मीटर सगळीकडे मानदंडासारखा उद्धृत होऊ लागला. मोठ्या रेन ट्रीला १ मीटर म्हणजे तहानलेल्याला चमचाभर पाणी. पावसाळ्याआधीची छाटणी हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग. ठेकेदार पोचतील तेवढ्या, बहुधा रस्त्याकडच्या, फांद्या उतरवतो. झाडाचा तोल दुसरीकडे जातो, आणि खाली तर मुळं आधीच तुटलेली.

विरोध झालाच नाही असं नाही. राणीच्या बागेत आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करण्याचा घाट २००७च्या सुमारास घातला गेला, तेव्हा नागरिक झाडांची यादी हातात घेऊन उभे राहिले आणि मूळ आराखडा मागे पडला. हँगिंग गार्डनखालची टाकी पाडून नव्याने बांधायची म्हटल्यावर २०२३ मध्येही तेच झालं. दोन्ही ठिकाणी भांडण तोडीवरून होतं. न तोडता हळूहळू मारलेल्या झाडासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

२०२० पासून मियावाकीची हवा आहे. अकिरा मियावाकी यांनी १९७०च्या दशकात जपानमध्ये पोलाद कारखान्यांभोवती स्थानिक जातींची दाट वनं उभी केली. ती पद्धत कारखान्याच्या उजाड आवारासाठी उत्तम. बागेच्या कोपऱ्यात चौरस मीटरला तीन-चार रोपं खोचली की मुख्यतः लागवडीचा आकडा वाढतो.

१९७५च्या त्या कायद्याच्या २०२१ मधल्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. पन्नास वर्षांचा वड गेला तर पन्नास रोपं. मोठ्या होणाऱ्या जातींना दोन झाडांत दहा मीटर अंतर दिलं तर एकरात चाळीसच बसतात, म्हणजे एका वडापायी सव्वा एकर रिकामी जमीन हवी. ती बागेत नसते. रोपं तरीही लागतात, ट्रॅक आणि कुंपणाच्या मधल्या पट्टीत. पुढच्या पावसाळ्यात मेलेल्यांच्या जागी त्याच खड्ड्यांत नांग्या भरतात, आणि रजिस्टरमध्ये पन्नास ते पन्नासच राहतात.